चार घरांचा तंबू

पंचवटीची कीर्ती ज्या निवाऱ्यामुळे झाली, तो निवारा कायमचा नव्हता. वनवासातील पर्णकुटी म्हणजे पानाफांद्यांचे छप्पर, चार दिवस राहून पुढे निघायचे घर. तात्पुरत्या घरांचा हा वारसा आमच्या भागाने आजही जपला आहे. दर बारा वर्षांनी तपोवनात साधुग्राम उभे राहते आणि काही महिन्यांत ओसरून जाते. प्रयागचा कुंभ माघाच्या थंडीत भरतो, उज्जैनचा वैशाखाच्या उन्हात. नाशिकचा सिंहस्थ मात्र ऐन श्रावण-भाद्रपदात येतो, कारण गुरू आणि सूर्य दोघेही सिंह राशीत असावे लागतात. त्यामुळे आमच्याकडचे मांडव, राहुट्या आणि कनाती उभ्या राहतात त्याच मुळी पावसात, आणि उतरतात त्याही बहुधा ओल्याच.

२०१५ च्या सिंहस्थात २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबर या तीन दिवशी नाशिकला शाही स्नाने झाली. त्यानंतर साधुग्राम उतरू लागले. सकाळच्या फेरफटक्यासाठी मी तपोवनाच्या बाजूला जात असे. मांडववाल्यांचे कामगार जाड कापडाचे पट्टे मोकळ्या जागी पसरून ठेवत, दुपारी उलटत, आणि ढग आले की धावत जाऊन गोळा करत. हा क्रम कित्येक दिवस चालला होता. एवढी घाई असताना तो माल ट्रकमध्ये टाकून का नेत नाहीत, असे मी त्यांच्यातील एका वयस्कर कामगाराला विचारले. पावसात उभे असलेले कापड टिकते, पण ओले होऊन गोदामात गेलेले कापड पुन्हा बाहेर येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते वाक्य तेव्हा मी ऐकून सोडून दिले. त्याचा अर्थ पुढे चार वर्षांनी आमच्याच तंबूने समजावून दिला.

आमचा म्हणजे एका घराचा नव्हे. आमच्या इमारतीतील चार कुटुंबांनी मिळून त्याच वर्षीच्या डिसेंबरात चार माणसांचा एक तंबू घेतला. वर्षातून एखाद-दोन वेळा बाहेर राहायला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने आपापला तंबू घ्यावा आणि उरलेले साडेतीनशे दिवस तो माळ्यावर ठेवावा, हे आम्हा कोणालाच पटेना. सासूबाई तर म्हणाल्या, “लागेल तेव्हा मिळाले की झाले. प्रत्येकाच्या माळ्यावर एकेक कशाला?” अपरिग्रहाचे व्याख्यान त्यांनी कधी दिले नाही, पण घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला हा एक प्रश्न त्यांच्याकडून हमखास होत असे.

त्या तंबूने आम्हाला पुष्कळ दिले. मांगी-तुंगीच्या पायथ्याशी पहाटेचे चांदणे दिले. अंकाई-टंकाईला गेलो तेव्हा टंकाईच्या पोटातील जैन लेणी सकाळच्या कोवळ्या उजेडात मुलांना दाखवता आली. म्हसरूळच्या गजपंथाला आम्ही घरून पायी जाऊन येतो, तेथे तंबूचे काही काम नसते. तरी मुले त्या वाटेवरही तंबूच्याच गोष्टी काढत. व्यवस्था सोपी होती. ज्या घराने तो शेवटी वापरला, त्याच्याच माळ्यावर तो राहायचा. पुढच्याने मागून न्यायचा. मागणाऱ्याने विचारायचे एवढेच, “भाभी, तंबू तुमच्याकडे ना?”

२०१९ चा पावसाळा नाशिककर विसरलेले नाहीत. ४ ऑगस्टला गोदावरीला मोठा पूर आला. आमच्याकडे पूर मोजतात तो दुतोंड्या मारुतीच्या अंगावर. पाणी कमरेपर्यंत आले की छातीपर्यंत, यावरून सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार माल वर चढवतात. पूर ओसरला तरी पाऊस हटेना. ऑक्टोबर संपत आला तरी अवकाळी सरी कोसळत होत्या आणि जिल्ह्यातील द्राक्षबागांचे अतोनात नुकसान झाले. घरोघर कपाटांना ओल आली, पुस्तकांना डाग पडले. आमच्या चार घरांपैकी एका माळ्यावर तंबू आपल्या आवळ पिशवीत फेब्रुवारीपासून निजलेला होता. त्याची आठवण कोणाला येण्याचे कारण नव्हते.

डिसेंबरात आम्ही भंडारदऱ्याला गेलो. घोटीवरून निघालो तेव्हा ऊन कलले होते, धरणाकाठी पोहोचेपर्यंत अंधार पडला. माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती आणि तिला लहानपणापासून दमा आहे. पिशवीचे तोंड उघडताच एक कुबट, आंबूस दर्प बाहेर आला. विजेरीच्या उजेडात पाहिले तर आतल्या कापडावर काळे-करडे ठिपके, कोपऱ्यांत पांढुरकी लव. तंबू उभा करताना नुसते झटकले तेवढ्याने मुलीला खोकला सुटला, मग धाप लागली. औषधाचा फवारा जवळ होता म्हणून निभावले. थंडी मरणाची होती आणि जवळ दुसरे छप्पर नव्हते. शेवटी जवळच्या पाड्यातील एका कुटुंबाने आपली पडवी आम्हाला दिली, चुलीजवळची जागा मुलीसाठी मोकळी केली, आणि ती रात्र गेली. पाठीला पाठ लावून बसलो असताना मला एकच गोष्ट सलत होती: हा तंबू आमच्याआधी ज्यांनी वापरला, त्यांचे आणि आमचे रोजचे येणे-जाणे होते.

परतल्यावर बोलणे होणारच होते. ते कसे व्हावे याची मला धास्ती होती. अशा एका रात्रीवरून शेजारधर्म कायमचा तुटलेला मी पाहिला आहे. रविवारी चारही घरची माणसे आमच्याकडे जमली. ज्यांच्या माळ्यावर तंबू होता त्या भाभींनी आपण होऊन सांगितले की त्यांच्या फेब्रुवारीच्या सहलीत पावसाचा एक थेंबही पडला नव्हता. तंबू त्यांनी कोरडा म्हणूनच घडी केला होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते आणि त्या खोटे बोलत नव्हत्या.

मग पाणी आले कुठून? त्याचे उत्तर आमच्यातील एका विज्ञानशिक्षकांनी दिले. रात्रभर चार माणसे बंद तंबूत श्वास सोडतात. त्या श्वासातील वाफ थंड कापडाला लागून आतल्या बाजूने थेंब धरते. बाहेरून पहाटेचे दहिवर पडते. खालच्या जमिनीतील ओल तळाला चिकटते. नोकरीवर हजर व्हायचे म्हणून सकाळी सातला तंबू आवरला, तर हाताला कोरडे वाटणारे कापडही घडीच्या पोटात पाणी घेऊन घरी येते. दमट, उबदार, बंद जागेत बुरशीला सुरुवात व्हायला एक-दोन दिवसही पुरतात. आमच्या तंबूला तर पूर्ण पावसाळा मिळाला होता. म्हणजे चूक कोणाच्या स्वभावात नव्हती. तंबू कसा ठेवायचा हे चार घरांपैकी एकालाही ठाऊक नव्हते.

तरीही पुढचा प्रश्न उरलाच होता. “आपापला घेऊ या, वाद नकोत,” असे एका घराने सुचवले. ऐकायला ते समंजस वाटत होते. पण तसे झाले असते तर चार माळ्यांवर चार तंबू कुजले असते, आणि एकमेकांवरचा विश्वासही त्यांच्याबरोबर बांधून ठेवला गेला असता. तेव्हा सासूबाईंनी, ज्या आयुष्यात कधी तंबूत निजल्या नाहीत, त्यांनी विषय हाती घेतला.

त्यांनी पाच समितींपैकी दोन सांगितल्या. आदान-निक्षेपण समिती, म्हणजे वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, पुसून, जपून वागणे. आणि उत्सर्ग समिती, म्हणजे टाकून द्यायचे ते निर्जंतुक जागा पाहून टाकणे. ही साधूंची व्रते आहेत, गृहस्थाला ती जशीच्या तशी लागू नाहीत. पण साधू-साध्वी आपली वस्त्रे रोज उलगडून न्याहाळतात, ते का, हे समजून घ्यायला गृहस्थाला कोणाची आडकाठी नाही, असे त्या म्हणाल्या. “उचलताना सगळेच पाहतात. ठेवताना कोण पाहते? बुरशी आल्यावर ती घासून काढणे म्हणजे अनंतकाय जीवांची हिंसा. येऊच न देणे ही यतना. आपण पापड-कुरडया वाळवतो, गहू वाळवतो, मग हे कापड का वाळवत नाही?”

या शेवटच्या प्रश्नाने बैठकीचा सूर पालटला. वाळवणाचे शास्त्र आमच्या घरातील बायकांना शिकवावे लागत नाही. धान्य हाताला कोरडे लागले तरी ते दाताखाली मोडून पाहायचे, डबा भरण्याआधी ऊन खाल्लेले धान्य थंड होऊ द्यायचे, पावसाळ्यात लोणच्याच्या बरणीला ओला चमचा लावायचा नाही, हे सारे आम्हाला येत होते. तंबू ही बाजारातून आलेली, पुरुषांनी आणि मुलांनी हाताळायची वस्तू, म्हणून तो या ज्ञानाच्या बाहेर राहिला होता.

पहिला तंबू वाचवायचा आम्ही मनापासून प्रयत्न केला. मुलीला आजोळी पाठवून, नाकातोंडाला फडके बांधून, गच्चीवर कोरड्या मऊ ब्रशने वरची बुरशी झाडली, सौम्य साबणाच्या पाण्याने पुसले, तीन आठवडे वाऱ्यावर ठेवले. वास पुष्कळ कमी झाला, डाग राहिले. पण तळाच्या आतला लेप हाताला चिकट लागू लागला होता आणि त्याचे पापुद्रे सुटत होते. पाणी अडवण्यासाठी अशा कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो. उष्णता आणि ओल यांच्या दीर्घ सहवासात तो थर विघटित होतो. एकदा तो चिकट झाला की धुण्याने पूर्ववत होत नाही. शिवाय बुरशीचे बीजकण दम्याच्या रुग्णाला अपायकारक असतात, आणि डाग फिकट झाले म्हणजे कण गेले असे म्हणता येत नाही. जी वस्तू एका मुलीचा श्वास अडवू शकते, ती काटकसरीच्या नावाखाली वापरणे योग्य नव्हते. तंबू आम्ही बाद केला. दांडे, मेखा आणि दोऱ्या काढून घेतल्या, वरच्या आच्छादनाचा धड भाग पावसाळ्यात गच्चीवरचे सामान झाकायला राहिला.

दुसरा तंबू चौघांनी मिळूनच २०२१ च्या दिवाळीनंतर घेतला. त्याच्या पिशवीत एक वही ठेवली. वापरणाऱ्याने तारीख, ठिकाण, कोठे काय बिघडले, कधी वाळवला आणि कोणी पाहिला एवढे लिहायचे. या वहीच्या पहिल्या पानावर जी रीत लिहिली आहे, ती आम्ही उत्पादकाच्या सूचना वाचून, जाणत्यांना विचारून आणि स्वतः करून ठरवली. सहलींचा मोसम तोंडावर आहे, म्हणून ती वाचकांसाठी थोडी विस्ताराने मांडते.

पहिला नियम असा की परतीचा दिवस सहलीतच धरायचा. तंबू मुक्कामावर उतरवण्यापूर्वी आतले सगळे सामान काढून, शक्य तर तो उचलून दार खाली करून हलकेच झटकायचा. मुंग्या, नाकतोडे, कोळी रात्रीतून आत आलेले असतात. ते त्यांच्या जागी परत जावेत. वरच्या आच्छादनाची आतली बाजू सुती फडक्याने टिपून घ्यायची. ऊन येईपर्यंत थांबता आले तर उत्तम, पण थांबता आले नाही तरी हरकत नाही. ओला तंबू घरापर्यंत आणणे हा दोष नाही, तो घरी आल्यावर पिशवीतच राहणे हा दोष आहे. त्याच संध्याकाळी तो बाहेर आला पाहिजे.

घरी आल्यावर तो उभा करता आला तर गच्चीवर किंवा दिवाणखान्यात उभा करायचा, नाहीतर दोरीवर पसरायचा. पावसाळ्यात आम्ही तो खोलीत पंख्याखाली टांगतो आणि दर काही तासांनी बाजू पालटतो. उन्हाबद्दल येथे आमच्या वाळवणाच्या ज्ञानाला मुरड घालावी लागली. नायलॉन आणि पॉलिस्टर यांना कडक ऊन मानवत नाही. उन्हातील अतिनील किरणांनी धागा हळूहळू ठिसूळ होतो. म्हणून सावलीतला वारा हेच त्याचे वाळवण. शिवणी, कोपरे, चेनच्या पट्ट्या आणि तणावे बांधायच्या जाड पट्ट्या सर्वांत शेवटी सुकतात. बोट तेथे लावून पाहायचे. मधले कापड कोरडे झाले म्हणून तंबू कोरडा झाला असे होत नाही.

मातीबाबत पुराने आम्हाला शिकवलेलेच आहे. पूर ओसरल्यावर अंगावर आलेला गाळ ओला असताना कापडाला पुसायला गेले की तो आणखी आत भिनतो. चिखल वाळू द्यावा, मग मऊ ब्रशने झाडावा. बहुतेक वेळा एवढेच पुरते, धुण्याची गरज पडत नाही. प्रत्येक सहलीनंतर धुणे हे तंबूच्या आयुष्याला घातकच आहे, कारण प्रत्येक धुण्यात लेपाचा थोडा अंश जातो.

धुवायचाच झाला तर हाताने. धुण्याच्या यंत्रात तंबू कधीही टाकू नये. त्याच्या पिळ्यात शिवणी ताणतात, लेप सुटतो, जाळी फाटते. कपड्यांची पावडर, ब्लीच, कापड मऊ करणारी सुगंधी द्रावणे ही तिन्ही वर्ज्य. पावडरीचा अंश कापडावर राहिला की पाणी ओघळून जाण्याऐवजी पसरते आणि मुरते. साधे किंवा कोमट पाणी, बिनवासाचा सौम्य साबण आणि स्पंज एवढे साहित्य पुरे. घरात रेशमी आणि लोकरी वस्त्रांसाठी रिठे असतातच. आम्ही त्याचे गाळलेले पाणी एका कोपऱ्यावर लावून पाहिले, रंग उतरला नाही, मग वापरले. साबण कोणताही असो, तो निघून जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने पुसावे. पिळू नये, इस्त्री लावू नये. पाणी गाळून घेण्याची आपल्या घरांतील पद्धत येथे दुहेरी उपयोगाची ठरते, कारण न गाळलेल्या पाण्यातील बारीक रेती घासताना लेपावर चरे पाडते. आणि ते मळके पाणी मोरीत किंवा झाडाच्या बुंध्याशी न ओतता, जमीन पाहून, कोरड्या मोकळ्या जागी थोडे थोडे पसरायचे. सासूबाईंची दुसरी समिती ती हीच.

तंबूची सर्वांत दुबळी जागा म्हणजे चेन. तिच्या दात्यांत रेती बसली की मुले जोर लावतात, आणि मग चेन आपली राहत नाही. जुन्या दातांच्या ब्रशने दाते साफ करावेत, ओल्या फडक्याने पुसावेत. दांड्यांच्या पोटातून लवचीक दोरी गेलेली असते. दांडे घडी करताना टोकापासून सुरुवात केली तर सगळा ताण त्या दोरीच्या एका बाजूला येतो. मधून घडी करत दोन्ही टोकांकडे यावे. जोडांवरची माती पुसावी. मेखा धुऊन, पुसून, वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात. त्यांच्या टोकांनी कापडाला भोके पडतात. तणाव्यांच्या गाठी सोडून ठेवाव्यात.

डास पळवण्याच्या औषधांबाबत सावध राहावे. त्यांतील डीट हे रसायन काही कृत्रिम धागे आणि प्लास्टिक यांना अपाय करते. म्हणून अशी औषधे तंबूच्या बाहेर लावावीत आणि हात पुसून आत यावे. डांबरगोळ्या आम्ही ठेवत नाही. त्यांचा वास बंद जागेत दम्याच्या माणसाला त्रास देतो. खाद्यपदार्थ आत नेऊ नयेत हा नियम तर आमच्या सहलींना पाळावाच लागला नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्यांच्या तंबूत रात्री ना चिवड्याचा कण सांडतो ना मुंग्यांची रांग लागते. उंदीर कापड कुरतडतात ते आत ठेवलेल्या पुड्यांसाठीच. चौविहार पाळणाऱ्यांचा तंबू जास्त टिकतो, असे आमची मुले गमतीने म्हणतात, आणि त्यात काही खोटे नाही.

शेवटी ठेवणे. विकत घेताना मिळालेली आवळ पिशवी ही वाहून नेण्यासाठी असते, साठवण्यासाठी नव्हे. त्या पिशवीत कोंबलेल्या कापडाला हवा लागत नाही, आणि दर वेळी त्याच रेषेवर घडी पडली तर लेप त्या रेषेवर तडकतो. आम्ही जुन्या सुती चादरीची मोठी पिशवी शिवली आहे. तीत तंबू सैल ठेवतो, घड्या दर वेळी बदलतो. माळा उन्हाळ्यात तापतो आणि पावसाळ्यात ओलावतो, म्हणून तो आता माळ्यावर जात नाही. कपाटात, भिंतीपासून सुटा राहतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, आणि एरवी दिवाळीच्या साफसफाईत, तो उलगडून पाहतो. पाच मिनिटे लागतात. उलगडायचे, हात फिरवायचा, वास घ्यायचा, पुन्हा ठेवायचे.

कापसाच्या जाड कापडाची, म्हणजे मांडववाल्यांच्या कनातीची, गोष्ट थोडी वेगळी. भिजले की कापसाचा धागा फुगतो आणि विणीतील छिद्रे आपोआप मिटतात; वाळवंटातील भटक्यांचे बकरीच्या केसांचे काळे तंबू पाऊस अडवतात तेही काहीसे असेच. पण कापूस हा वनस्पतीचाच अंश असल्याने बुरशी तो धागाच खाते. नायलॉन किंवा पॉलिस्टरचा धागा तिला तितका रुचत नाही. ती त्यावरच्या मळावर आणि लेपावर पोसते. या फरकामुळे कृत्रिम कापड कुजत नाही असा समज पसरला आहे, आणि तंबूंचा नाश बहुतांशी या समजापायीच होतो. तपोवनातील कामगार कापसाबद्दल बोलत होते, पण गोदामाविषयीचे त्यांचे म्हणणे दोन्ही कापडांना सारखेच लागू आहे.

वहीचा अनुभव सांगण्यासारखा आहे. सुरुवातीला ती सगळ्यांना संशयाची वाटली. जणू एकमेकांवर पाळत. पहिल्या वर्षाच्या नोंदी कोरड्या आहेत: तारीख, ठिकाण, “वाळवला”, सही. मग हळूहळू भाषा बदलली. “डाव्या बाजूची चेन जरा अडते, पुढच्यांनी जपून,” असे कोणी लिहिले. एकाने तणाव्याच्या जागी नवी दोरी ओवली आणि उरलेली दोरी पिशवीत ठेवल्याची नोंद केली. ज्या भाभींच्या माळ्यावर पहिला तंबू कुजला होता, त्यांची नोंद सर्वांत लांब असते. शिवणींना चिकटद्रव्य त्यांनीच लावले, तेही कोणी न सांगता. एका पानावर त्यांनी माझ्या मुलीचे नाव घालून लिहिले आहे की तंबू तीन दिवस वाऱ्यावर होता, वास घेऊन पाहिला आहे, तिने निर्धास्त न्यावा.

ते वाचून मला कळले की रविवारच्या त्या बैठकीत आम्ही काय वाचवले होते. सामाईक वस्तूचे वैशिष्ट्य हेच की ती ठेवणारा एक असतो आणि उघडणारा दुसरा. ठेवणाऱ्याला उघडणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. रात्र कशी असेल, थंडी किती असेल, बरोबर म्हातारे माणूस असेल की तान्हे मूल, हे त्याला ठाऊक नसते. तरीही त्याच्यासाठी शिवणीवर बोट फिरवून पाहणे, ही माझ्या मते मोठी सेवा आहे, आणि तिला कोठे पाटी लागत नाही. पहिला तंबू चार वर्षांत गेला. दुसरा पाचव्या हिवाळ्याला सामोरा जात आहे, आणि पिशवी उघडल्यावर त्याला कापडाशिवाय कसलाही वास येत नाही.

चातुर्मास संपून साधू-साध्वींचे विहार सुरू झाले की आपल्याही कुटुंबांचे पाय बाहेर वळतात. कोणी तीर्थयात्रेला, कोणी गडावर, कोणी नुसतेच नदीकाठी. २०२७ च्या श्रावणात तपोवनात पुन्हा राहुट्यांचे गाव वसेल आणि पुन्हा भिजेल. आपल्या घरी तंबू असेल, किंवा झोपायची पिशवी, छत्री, रेनकोट, ताडपत्री असे काहीही, तर वाचकांनी एक करावे. पुढच्या सहलीची वाट न पाहता या रविवारी ते बाहेर काढावे, उलगडावे, नाकाशी धरून पाहावे. ओल लागली तर सावलीत वाऱ्यावर टाकावे आणि पूर्ण सुकल्याशिवाय आत घेऊ नये. शेजाऱ्यांकडे तंबू नसेल तर आपला द्यावा, आणि देताना पिशवीत एक वही ठेवावी. पहिली नोंद आपण करावी.

जय जिनेंद्र.